पालथ्या चेहऱ्यांचा पलंग

मी एक जुना तपासणीचा पलंग आहे. हसू नका मित्रांनो, पलंगालाही सांगण्यासारखं असतं. लाकडी पाय, निळं रेक्झिन आणि उशाशी चेहऱ्याएवढं एक भोक, एवढाच माझा थाट. माणूस पालथा झोपला की त्याचं तोंड त्या भोकात येतं. त्यामुळे जगाला त्याची पाठ दिसते आणि मला चेहरा.

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावच्या एका सुताराने मला घडवलं. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं लोकांच्या आखडलेल्या कंबरा झेलल्या. "याच्यावर पडलं की निम्मं दुखणं जातं," असं ते म्हणत आणि मी फुगून जाई. पुढे दवाखाना बंद पडला. मला तिथल्याच कासलबार गावाबाहेरच्या एका नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने नेलं. तिथे ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाताने दुखणं ओळखणारे डॉक्टर घडवतात. बाकीचे पलंग कोरे, बटण दाबलं की वरखाली होणारे. माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

तिथेच नागपूरची स्वानंदी यायची. वर्गाची रीत अशी की जोड्या लावायच्या. एकाने झोपायचं, दुसऱ्याने त्याची पाठ चाचपायची, मग अदलाबदल. स्वानंदी चाचपायला तयार असे, पण स्वतः झोपायची वेळ आली की तिला नेमकी सर्दी व्हायची. आयरिश मुलं भिडस्त. "नो बॉदर," म्हणजे काही हरकत नाही, म्हणून हसायची आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जोडी जमवायची. शेवटी तिला मीच उरलो. माझ्या रेक्झिनवर बोटं दाबत ती मणके शोधायची. माझ्या पोटात नुसता स्पंज, मणके कुठून आणू?

फोनवर मात्र वडिलांना सांगायची, "सगळं ग्रँड आहे, बाबा. मैत्रिणी तर इतक्या झाल्यात की वेळ पुरत नाही." मला फार वाईट वाटायचं.

हाताने पाठ तपासायच्या परीक्षेत ती नापास झाली. तिच्या शिक्षिका ग्रान्या बाई तिला घेऊन माझ्यावरच बसल्या.

"तू फार जोर देतेस," त्या म्हणाल्या. "पुन्हा असंच झालं तर कोर्स सोडावा लागेल. स्वतःच्या पाठीवर हात पडल्याशिवाय हे कळत नाही. तू झोपत का नाहीस?"

स्वानंदी माझी शिवण नखाने उसवत राहिली. मग म्हणाली, "निघताना विमानतळावर बाबांनी पाठीवर हात ठेवला होता. त्यानंतर मला कुणी हातच लावलेला नाही, मॅम. आता कुणी लावला तर मी रडेन. सगळ्यांसमोर."

बाईंनी माझ्या उशाच्या भोकाकडे बोट केलं. "मग रड की. त्या भोकात कुणाला दिसतंय?"

पुढच्या तासाला ती झोपली. जोडीला ओर्ला नावाची मुलगी आली. तिने हात चोळून कोमट केले आणि स्वानंदीच्या पाठीवर नुसते ठेवले. लगेच एक थेंब खाली फरशीवर पडला, मग दुसरा. ओर्लाला ते दिसले नाहीत, पण हुंदका हाताला कळला. तिने हात काढला नाही. "टेक युअर टाइम," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी अदलाबदल मागितलीच नाही.

फेरपरीक्षेत स्वानंदीने रुग्णाच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबली. जोर दिला नाही. थोड्या वेळाने दुखरी जागा आपणहून हाताखाली आली. ती पास झाली.

आता माझा एक पाय डुगडुगतो, म्हणून मला कोठीत ठेवलंय. अंगावर टॉवेलांच्या चळती असतात. दार क्वचितच उघडतं. एकटं पडणं म्हणजे काय, ते मला इथे नीट कळलं. स्वानंदी कधी टॉवेल न्यायला आली, तर जाताना तळहात माझ्यावर टेकवते. मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारचं कुणी "सगळं छान आहे" असं सारखं सांगत असेल, तर त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघा. आणि तो लगेच काढू नका.