ओट्यावरचा जावई

मी ओटा बोलतोय. सावद्याजवळच्या एका खेड्यात, तोताराम आबाच्या घरापुढं पसरलेला. मला बोलायची घाई नाही. दगडाला कसली आलीये घाई? तुम्ही टेका जरा, मग सांगतो.

असलम मिस्तरीच्या वडलांनी मला बांधलं. आबाचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलेलं. पावसाळ्यात गल्लीतून पाण्याचा लोंढा जायचा, म्हणून मला चांगला कमरेइतका उंच घेतला. खाली काळा दगड, वर खरबरीत कोबा आणि पुढं तीन उंच पायऱ्या. नवी नवरी कुंदाबाई त्या चढून घरात गेली, तेव्हा तिच्या पायाची हळद माझ्या दगडाला लागली होती.

पुढं माझ्यावर काय काय झालं! केळीचे व्यापारी बसले, सौदे झाले, भांडणं झाली, चहा झाला. बायकांनी पापड वाळवले, दुपारी पत्त्यांचे डाव रंगले. मग घरात गुळगुळीत फरशी आली, पंखा आला, टीव्ही आला, आणि माणसं आत गेली. माझ्यावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि केळी भरायच्या फुटक्या कॅरेट येऊन पडल्या. माणसं विसरतात, तो त्यांचा स्वभावच आहे.

आबाला एकच मुलगा, योगराज. तो जळगावला नोकरीला. मुलगी नाही, म्हणजे या घराला जावई नाही. आमच्याकडं अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात घरोघरी लेक-जावई येतात. जावयाला पाटावर बसवून आग्रह करकरून वाढतात. कुंदाबाईच्या हातचे मांडे पातळ, म्हणून दर धोंड्याला सगळी गल्ली तिला मांडे भाजायला बोलवायची. ती जायची, दुसऱ्यांच्या जावयांसाठी खापरापुढं तापायची आणि पदरानं तोंड पुसत माझ्या पायऱ्या चढून घरी यायची. माझ्यावर येऊन बसली की बराच वेळ उठायची नाही.

अशाच धोंड्याच्या महिन्यात योगराज कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आला.

"आई, हा ग्रेट डेन. लई मोठा होतो. याचं खाणं या पिशवीत हाये. मोजून द्यायचं. आणि याले पायऱ्यांवर उड्या मारू द्यायच्या नहीत."

"हो रे बाबा, हो," कुंदाबाई म्हणाली. तिनं पिशवीतले दाणे हातावर घेतले, हुंगले आणि तोंड वाकडं केलं. "हे तं म्हशीच्या ढेपीसारखं वास मारतं. पाहुण्याले ढेप घालू का मी?"

पिल्लू राखाडी रंगाचं. पंजे एवढे मोठे, जणू दुसऱ्याचे जोडे घालून आलंय. आतल्या फरशीवर त्याचे चारी पाय चार दिशांना जायचे. म्हणून नळ्या आणि कॅरेट हलल्या आणि त्याचं अंथरूण माझ्यावर पडलं. पहिल्या रात्री ते कण्हत राहिलं. कुंदाबाई उशी घेऊन बाहेर आली आणि त्याच्याशेजारी आडवी झाली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर कुणीतरी झोपलं होतं.

सकाळी शेजारची भिकुबाई आली. पिल्लाच्या पुढ्यात दूध, तूप, कुस्करलेली पोळी बघून तिनं कपाळाला हात लावला. "व माय! कुंदाबाई, हा कुत्रा हाये का जावई?"

"जावईच समज," कुंदाबाई म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

झालं. योगराजनं ठेवलेलं इंग्रजी नाव योगराजबरोबर जळगावला गेलं. गल्लीनं जावई म्हटलं, तो 'जावई' या हाकेवर शेपूट हलवायला लागला. मांडे झाले की पहिला त्याला. आमरस झाला की वाटी त्याला. भिकुबाईही घरून काहीबाही आणायची. जावयाला नाही म्हणणं माहीतच नव्हतं, आणि कुंदाबाईलाही. वाटी रिकामी दिसली की तिला करमायचं नाही.

आणि तो वाढला हो! सकाळी एवढा, संध्याकाळी तेवढा. आबा केळीचा माणूस. तो माझ्या कडेला बसून कौतुकानं म्हणायचा, "लागवड जोरात हाये!"

महिना सरता सरता मला काहीतरी वेगळं कळलं. पाऊल कसं पडतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? जावई दणकन उडी मारून खाली जायचा, पण चढताना थांबायचा. उभा राहिला की पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायचे. पंजे पसरायचे.

आबाच्याही ते लक्षात आलं. "हाडं कच्ची राह्यली याची," तो म्हणाला आणि गोठ्यातून म्हशीच्या कॅल्शियमचा डबा घेऊन आला. म्हैस व्याली की पाजतात, तेच औषध. चांगलं घोटभर दुधात घातलं. जावई मिटक्या मारत प्याला. रोज प्याला. पाय अजून वाकले.

शेवटी सावद्याहून गुराढोरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मिसबाह त्यांचं नाव, तरुण पोरगी. त्यांनी जावयाला माझ्यावर चालवून पाहिलं, पाय दाबले, बरगड्या चाचपल्या. मग विचारलं, "खायला काय देता?"

कुंदाबाईनं हौसेनं सगळं सांगितलं. आबानं डबा दाखवला.

"आबा, हे आजपासून बंद. आजी, याला कमी नाही पडलं, जास्त झालं. ही मोठ्या हाडाची जात. अंग भराभर वाढलं आणि पायांना ते पेलवेना. याला सावकाश वाढू द्यायचं. योगराजभाऊंनी दिलेलं तेच खाणं, मोजून. आणि या ओट्यावरून उडी नाही. नाहीतर जन्मभर लंगडेल."

कुंदाबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याले लंगडा केला?"

"अजून नाही झाला, आजी. ऐकलंत तर सरळ होतील पाय."

डॉक्टरीणबाई गेल्या. कुंदाबाई माझ्यावर बसून राहिली. आबा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "युरिया जास्त झाला की केळ कशी होते? दिसायले जोरदार, अन् वारा आला की आडवी. मले कळायले पाहिजे होतं." संध्याकाळी कुंदाबाईनं दाण्यांची पिशवी काढली.

ते दिवस कठीण गेले. जावई मोजकं खायचा आणि मग तिच्याकडं बघत बसायचा. ते बघणं तुम्ही पाहायला हवं होतं. ती ताट घेऊन आत जायची, दार लावून जेवायची, आणि निम्मं ताट तसंच बाहेर यायचं.

त्यातच भिकुबाईचा जावई आला. ती ताटलीत मांडा घेऊन आली. "घे, तुझ्या जावयाले."

"नको, भिकुबाई."

"काबरं? आमच्या हातचं चालत नही का आता?"

आमच्या गल्लीत आणलेलं परत करत नाहीत. तो अपमान असतो. कुंदाबाईचे हात ताटलीकडं गेलेले मी पाहिले. जावई उठून उभा राहिला, वाकड्या पायांवर. तिनं त्या पायांकडं पाहिलं आणि हात मागं घेतले. "घेऊन जा," ती म्हणाली. भिकुबाई तोंड फिरवून गेली. नंतर बरेच दिवस ती माझ्यासमोरून मान खाली घालून जायची.

आता उरली माझी उंची. आबा जावयाला केळीच्या घडासारखं खांद्यावर टाकून चढवायचा-उतरवायचा. पण घड काही रोज वाढत नाही, हा वाढायचा. एक दिवस आबा मधल्या पायरीवरच थांबला. वरही जाईना, खाली येईना. समोरून असलम मिस्तरी येत होता, तो धावला.

"आबा, ये तो तुमको लेके बैठेगा! उतरवा त्याला."

"गोठ्यात बांधू म्हणतो मी. तिथं पायऱ्या नहीत."

"तिथं म्हैस लाथ मारते," कुंदाबाई आतून म्हणाली. "तो ओट्यावरच राहील. पायऱ्या काढा."

असलम माझ्याकडं बघत राहिला. "भाभी, अब्बांच्या हातच्या पायऱ्या आहेत त्या."

"माहीत हाये. माझ्या लग्नाच्या हायेत."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्या पायऱ्यांवर माझा तोरा होता. असलमनं त्या फोडल्या मात्र नाहीत. त्यांच्यावर मुरूम आणि खडी दाबली, लांबलचक उतार काढला आणि कोबा ओला असताना झाडूनं रेघा ओढल्या, पाय घसरू नये म्हणून. पायऱ्या आत आहेत अजून. झाकलेल्या आहेत, एवढंच.

पहिल्या दिवशी जावई उताराला घाबरला. कुंदाबाई खाली उभी राहिली. हातात काही नव्हतं. आधी तिनं त्याला वाटी दाखवूनच बोलावलं असतं. आता तिनं नुसते हात पसरले आणि म्हणाली, "ये रे."

तो आला. एक एक पाऊल, हळू.

दिवाळीपर्यंत पाय सरळ झाले. एकदम नाही, केळीचं पान उलगडतं तसे, बघताना कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला उतारावरून चालवलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं, आणि हसून कुंदाबाईला म्हणाल्या, "आजी, जमलं तुम्हाला." कुंदाबाई पदर डोळ्याला लावून आत गेली. शेजारच्या दारातून भिकुबाई बघत होती. तीही आली. आली ती रिकाम्या हातानं, आणि जावयाच्या मानेवर हात ठेवून बसली. कुंदाबाईनं तिच्यासाठी चहा-पोळी आणली. जावयानं दोघींकडं पाहिलं, मोठा उसासा टाकला आणि माझ्यावर डोकं टेकलं.

आता तो उभा राहिला की त्याचं डोकं खिडकीला लागतं. झोपला की निम्मा ओटा त्याचा. उरलेल्या निम्म्यावर संध्याकाळी माणसं बसतात, आणि बसायला जागा पुरत नाही म्हणून कुरकुर करतात. मला ती कुरकुर गोड लागते.

तुमच्या घरी असं एखादं पिल्लू आलं, तर माझं एक ऐका. त्याला माया भरपूर द्या, पण वाढायची घाई करू नका. आणि या बाजूला आलात तर बसा माझ्यावर. फक्त जरा सरकून बसा; तो झोपलाय.