तांबडीचं खोगीर, काळ्याची पाठ

रविवारी व्याही फाटकातून आत येतील तेव्हा आपण काळ्याभोर घोड्यावर ताठ बसलेले दिसलो, तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब मालकांनी केव्हाच मांडला होता. मुलाच्या लग्नात व्याही सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमच्या लेकीला घोडा कळतो. तुम्हाला घोड्याचा फोटो कळतो!" त्या एका वाक्याची परतफेड झाली की मालक भरून पावणार होते. घोड्याच्या पदरात काय पडेल, हा रकाना मात्र कोरा होता.

मित्रांनो, तो रकाना भरण्याचं काम माझ्याकडे आलंय. मी एक जुनं खोगीर. घोडा आणि स्वार यांच्या मधे माझी जागा, त्यामुळे दोघांच्या मनातलं मला कळतं आणि मला कुणी काही विचारत नाही.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला तांबड्या घोडीच्या मापाने शिवलं. लोकर ठासताना तो म्हणायचा, "खोगीरभरती म्हणून लोक हसतात, पण पाठ वाचते ती या भरतीनेच." तांबडी अंगाने सडपातळ. तिची नि माझी जोडी चपखल जमली. आम्ही कुंपणं ओलांडली, शाबासक्या मिळवल्या. ती गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे उंदरांनी तेवढी माझी चव घेतली.

मग काळ्या आला. फ्रीजियन जातीचा, रुंद छाती, खाली लोंबणारी आयाळ. दिसायला सेनापतीचा घोडा, पण वय तीन वर्षांचं. दुधाचे दात अजून पडत होते. या जातीचं अंग लवकर दिसतं, पाठ मात्र सावकाश भरते. घरची सून घोडे शिकवणारी. तिने मला माळ्यावरून खाली काढलं आणि आधी काळ्याला नुसतं हुंगू दिलं. मग पोटाखालचा पट्टा, तंग, सैल ठेवून मला पाठीवर ठेवलं आणि लांब लगाम धरून ती मागून चालली. पुढे पोटावर आडवी पडून आपलं वजन त्याच्या ओळखीचं केलं. काळ्या इतका गरीब, की कशालाच नाही म्हणेना.

मालकांनी नेमकं तेच हेरलं. "सूनबाई, घोडामैदान जवळ आलं. रविवारी मी बसतो."

"नको बाबा. पाठ कच्ची आहे त्याची. आणि हे खोगीर तांबडीचं, याच्या खांद्यात रुततं. नवं शिवायला टाकलंय, तोवर क्षणभर आडवं पडण्यापुरतं ठीक."

"रुततं तर खाली आणखी एक घोंगडी घाल!"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "बूट चावला तर दोन मोजे घालता का हो तुम्ही?"

"तू मधे बोलू नकोस. इथे घोड्याचं चाललंय."

"मला वाटलं, नाकाचं चाललंय."

मालकांनी कुणाचंच ऐकलं नाही. रोज दुपारी सून जेवायला गेली, की खाली दोन घोंगड्या, वर मी, माझ्यावर मालक. घोंगड्यांनी मी आणखीच घट्ट. माझा सांगाडा काळ्याच्या खांद्यात घुसायचा. तो कान मागे टाकायचा, श्वास रोखायचा आणि चालायचा.

रविवारी व्याही फाटकात आले. मालकांनी टाच मारली. काळ्याने दोन ढेंगा टाकल्या आणि जागीच थांबला. उधळला नाही, लाथ झाडली नाही; नुसता थरथरत उभा राहिला. मालक घसरून मानेवर, आयाळ कवटाळून.

आता व्याही हसणार, म्हणून मालकांनी डोळेच मिटले. पण व्याह्यांनी त्यांना हात देऊन उतरवलं आणि मला काढलं. सारी पाठ घामाने ओली, खांद्यांमागे मात्र दोन जागा कोरड्या. "दाबाखाली घामसुद्धा फुटला नाही," ते हळूच म्हणाले आणि मालकांचा हात तिथे ठेवला. काळ्या कळवळून खाली दबला.

"बोलला कसा नाहीस रे?" मालक काळ्याला म्हणाले.

"बोलला असेल, बाबा," सून म्हणाली. "कान मागे टाकले असतील. तुमचं लक्ष फाटकाकडे होतं."

पुढे वर्षभर काळ्याने कुठलंच खोगीर जवळ येऊ दिलं नाही. मालक रोज सकाळी रिकाम्या हातांनी त्याच्याजवळ जाऊन उभे राहत. नवं, रुंद खोगीर आलं, तेव्हा सुनेने पुन्हा हुंगण्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, आम्हाला तेल लावा, उंदरांपासून जपा. पण कुणाच्याही पाठीवर ठेवण्याआधी खाली हात घालून बघा. गरीब जनावर नाही म्हणत नाही, म्हणजे ते हो म्हणतं असं नव्हे.

मालकांची मान एक दिवस खाली गेली. व्याह्यांनीच ती वर केली. सुनेची मेहनत पाण्यात गेली. तिने ती पुन्हा उभी केली. काळ्याच्या त्या दोन जागांवर पांढरे केस आले. ते जन्मभर जात नाहीत.