तेलाची फडकी

तानाजी रत्नागिरीकडचा, ओमानमधल्या सोहारच्या फर्निचर कारखान्यात पॉलिशमिस्त्री. गावी होड्यांना उंडीचं तेल चोळून झालं, की फडकं घडी करून डब्यात दाबायचं, पुन्हा वापरायचं. फडकं फेकेल तो कोकणी कसला! इथं अर्बाबने, म्हणजे मालकाने, टुंग तेल आणलं, चिनी झाडाच्या बियांचं. तानाजीने त्याचीही फडकी तशीच पिंपात दाबली.

रमजानच्या दुपारी पिंपाने पेट घेतला. कारखान्यात तेव्हा एकटा सिराज सुतार आडवा झाला होता. हा रायगडचा, एरवी बिडीबहाद्दर. झालं! अर्बाब कडाडला, "रोजात बिडी ओढलीस? खलास, घरी जा!" सिराज कुराणाची शपथ घेऊन थकला. नोकरी गेल्याचं त्याला एवढं नव्हतं. पण नमाजाच्या रांगेत शेजारचे सरकून बसू लागले, ते त्याला खाऊन टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी आगीच्या तपासाला मस्कतहून वसुंधरा मॅडम आल्या. मराठीच बाई.

"या तेलात एलिओस्टिअरिक नावाचं आम्ल असतं," त्या म्हणाल्या. "ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि तापतं. फडकं पसरून वाळवलं तर ठीक. दाबून ठेवलं तर आतली उष्णता कोंडते, काडी न लावता पेटतं. तुम्ही फडकी कुठे ठेवता?"

तानाजीला पिंप आठवलं. खरं बोललं तर सिराज सुटतो. पण आपला व्हिसा? पुढच्याच महिन्यात नूतनीकरण होतं. मेली ही जीभ, तिला हाड कुठं असतं!

"दोरीवर वाळवतो, मॅडम. रोज. पिंपात नुसता भुसा असतो."

"नक्की?"

"देवाशपथ."

"मग बिडीच," असं म्हणून त्यांनी लिहून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर तानाजीच्या हातचा.

त्या रात्री तानाजी ताट तसंच सारून उठला. स्वतःचीच किळस आली. सकाळी उठून सांगू, असं त्याने दहादा ठरवलं. सकाळी विमानतळाची गाडी आली, तरी तोंड उघडेना.

बॅग उचलताना सिराजने त्याला बाजूला घेतलं. डोळे लाल झालेले.

"तान्या, माझा रोजा होता रे. तुला तरी पटतं ना?"

"पटतं," तानाजी म्हणाला. "मला माहीत आहे."

सिराजने त्याला कडकडून मिठी मारली. "बस," तो हुंदका देत म्हणाला, "या मुलखात एक तरी खरा माणूस भेटला."