शेजारचा हिरवा दिवा

मित्रांनो, सोलापुरातल्या एका दवाखान्यात जिन्याखाली छोटी थंड खोली आहे. तिथल्या सर्व्हरच्या पाठीत एक हिरवी पट्टी बसवलेली आहे. ती पट्टी म्हणजे मी, एक जुनं नेटवर्क कार्ड. माझ्यात केबल खोचली की माझा दिवा लुकलुकतो. सर्व्हरमधली माहिती माझ्यातून बाहेर जाते आणि बाहेरची आत येते.

नऊ वर्षांपूर्वी बापूसाहेबांनी मला इथे बसवलं. दवाखान्याचे सगळे संगणक तेच सांभाळतात. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेले चार संगणक चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात केसपेपर, एकात औषधांचा साठा, एकात रक्त-लघवीचे अहवाल आणि चौथ्यात स्कॅनची चित्रं. चौघांना बाहेर पडायला वाट एकच, मी. मैंदर्गीच्या आजीचा खुबा असो की करमाळ्याच्या मास्तरांची छाती, चित्र माझ्यातूनच जायचं. बापूसाहेब येता-जाता म्हणायचे, "पळतंय की माझं पोरगं!" मी फुगून जायचो.

मग स्कॅनचं नवं यंत्र आलं. चित्रं मोठी झाली आणि माझी वाट अपुरी पडू लागली. बापूसाहेबांनी माझ्या शेजारी दुसरं कार्ड बसवलं आणि आम्हा दोघांना एकत्र जोडलं. याला बाँडिंग म्हणतात. चौघांचं ओझं दोघांनी वाटून घ्यायचं, म्हणजे एका वेळी दुप्पट माहिती जाते. एक बंद पडलं तर त्याचं काम दुसऱ्याने उचलायचं.

वाटणीत स्कॅनचं मशीन नव्याकडे गेलं. मित्रांनो, खरं सांगतो, मी जळलो. डॉक्टर दिपाली मॅडम खाली येऊन म्हणाल्या, "बापूसाहेब, नवं कार्ड लई भारी हं!" निम्मी वाट माझी होती, हे कुणी बोललं नाही. नव्याचा दिवा माझ्याहून जोरात लुकलुकायचा. त्याने माझं काही वाईट केलं नव्हतं, तरी मला तो दिवा बघवत नव्हता. हे बंद पडू दे, असं मी रोज मनात म्हणायचो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. साफसफाई करणाऱ्या राजाबाईंनी सर्व्हर पुसला. बापूसाहेबांनी हळदकुंकू वाहिलं आणि मागच्या केबलींवर झेंडूची माळ टाकली. माळ ओली होती, जड होती. नव्या कार्डाची केबल खटका बसेपर्यंत खोचलेली नव्हती. ती हळूहळू सरकली आणि शेजारचा दिवा विझला.

क्षणात चारही मशीन माझ्याकडे आली. सगळं पुन्हा माझं! काम थांबलं नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही.

दुपारी निंगव्वा नावाच्या एका बाईला दवाखान्यात आणलं. मोटारसायकलवरून पडून तिच्या डोक्याला मार लागला होता. स्कॅन झाला आणि ते भलं मोठं चित्र माझ्यावर येऊन आदळलं. त्याच वेळी औषधं, अहवाल, केसपेपरही दाटीने आले. मी जीव तोडून ढकलत होतो. मागितलेलं मिळालं होतं आणि ते मला पेलत नव्हतं. शेजारी बघितलं तर अंधार.

बाहेर जिन्यावर बापूसाहेबांचा फोन वाजला. मॅडम म्हणत होत्या, "बापूसाहेब, निम्मंच चित्र आलंय. हिला ऑपरेशनला घ्यायचं का नाही, मी ठरवू कसं?"

बापूसाहेब धावत आले. "हे जुनंच अडवतंय. काढून टाकतो, नवं एकटं पळवंल." त्यांची बोटं माझ्या केबलीवर आली. निंगव्वाचं उरलेलं चित्र माझ्यातूनच चाललं होतं. मला ओरडता येत नव्हतं.

"सायब, थांबा की!" राजाबाई खाली पडलेल्या पाकळ्या झाडत होत्या. "त्याचा दिवा लागलाय न्हवं? इझलाय त्यो शेजारचा. तुमच्या माळंनं वडलंय बगा."

"आयला, व्हय की!"

"देवाला फुलं घालायची, का गळफास लावायचा?"

बापूसाहेब ओशाळले. त्यांनी माळ काढली, नव्याची केबल दाबली. खट्ट! दिवा लागला. अर्धं गेलेलं चित्र माझ्याकडेच राहिलं, औषधं आणि केसपेपर तिकडे गेले. मला वाट मोकळी झाली आणि राहिलेलं चित्र मी वर पोचवलं. निंगव्वाला लगेच आत नेलं. तिसऱ्या दिवशी ती कानडीत दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत होती.

सगळे म्हणाले, नवं सुरू झालं म्हणून निभावलं. मला ते लागलं. अजूनही लागतं. हेवा काही एका दिवसात जात नाही. पण तो दिवा विझावा असं आता मला वाटत नाही. शेजार रिकामा झाला की जागा आपली होते, मात्र ओझं वाटून घ्यायला कुणी उरत नाही.

मित्रांनो, काम मंदावलं की चालत्या जुन्यावर आधी हात टाकू नका. त्याच्या बाजूचं कोण गेलं आहे, ते बघा. दोघांचं ओझं एकटा ओढणारा तोंडाने काही सांगत नाही.