डॉक्टरांचा कान

"आता ऐका," असे म्हणून लेकीने खेळ सुरू केला आणि खुर्ची मागे सारून ती बाजूला झाली. पडद्यावर कुठलेसे जळके शहर उभे राहिले. टेबलाखालच्या संगणकाच्या डब्यात रंगीत दिवे लागले, पंखे फिरू लागले आणि डॉक्टर डब्यापुढे मांडी ठोकून बसले.

"आला ना? चीं करतोय बघा. ग्राफिक्स कार्डचा पंखा आहे तो. खेळ रंगात आला की कार्ड तापतं आणि ह्याचं सुरू. परवा टीममधली एक विचारत होती, ताई, तू दातांच्या दवाखान्यात बसून खेळतेस का?"

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना घरघर ऐकू येत होती. चीं मात्र येत नव्हती.

डॉक्टर म्हणजे काही गोळ्या-औषधे देणारे डॉक्टर नव्हेत. त्यांची उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली. यंत्र कुरकुरू लागले की ते लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि कुठले बेअरिंग महिनाभर चालेल आणि कुठले आजच मान टाकेल ते सांगत. म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणू लागले. ते निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झाले नाही. गल्लीतली माणसे अजूनही मिक्सर, पंप, शिलाई मशीन असले काहीबाही घेऊन येत. शेजारीण म्हणायची, "यांच्या दवाखान्यात एक बरं आहे, पेशंट दगावला तरी कुणी रडत नाही."

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असे डॉक्टरांचे मत झाले होते. बातम्या देणारी बाई, औषधांच्या दुकानातला माणूस, फोनवरची धाकटी बहीण, सगळ्यांना एकाच वेळी ही खोड लागली होती. मग एका सकाळी पार्सलवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला. डॉक्टर दाराजवळच्याच खुर्चीत चांगले जागे बसले होते. "बेल बिघडलीय," त्यांनी लेकीला सांगितले आणि धडधाकट बेल काढून नवी बसवली. नवीही त्यांना ऐकू आली नाही. तेव्हा काय ते त्यांना कळले, पण ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही. लेकीला तर नाहीच नाही.

याला कारण होते. कारखान्यात एक मुकादम होता. कान गेल्यावर तो स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून यंत्र तपासायचा. लोक पाठीमागे हसायचे. पुढे त्याला गोदामात बसवला. पगार तोच, मान तोच, समोरून जाणारा नमस्कारही करायचा, पण त्याला कुणी काही विचारायला जात नसे. डॉक्टरांना बहिरेपणाची तेवढी भीती नव्हती, त्यांना भीती होती त्या गोदामाची. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघेच. लेक संगणकावर लोकांच्या घरांची नकाशाचित्रे काढून द्यायची, संध्याकाळी टीमची कप्तान होऊन खेळायची, आणि अधूनमधून बाहेर येऊन विचारायची, बाबा, नळ का गळतोय? बाबा, हा प्लग गरम का होतोय? त्या विचारण्यावर त्यांचा दिवस उभा होता.

"धूळ आहे," ते आता म्हणाले. "घरघरतोय नुसता."

"घरघर? अहो बाबा, चीं..." लेक म्हणाली आणि मध्येच थांबली.

त्यांनी डब्याची बाजू उघडली. मागच्या मोठ्या पंख्यावर धुळीचा थर बसला होता, एक स्क्रूही सैल होता. ब्रशने धूळ काढली, स्क्रू आवळला. घरघर थांबली. डॉक्टरांना कसे अगदी शांत शांत वाटले.

"बघ. झालं ना?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. पडद्यावरचे शहर जळतच होते.

"हो," ती म्हणाली. "गेला आवाज."

"अगदी?"

"अगदी. काय हात आहे हो बाबा तुमचा!"

त्या रात्री डॉक्टर दोन घास जास्त जेवले.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी लेक कामासाठी बाहेर गेली होती. जाताना घाईघाईने संगणकावर कुठल्याशा घराचे मोठे चित्र तयार व्हायला लावून गेली होती. वारा सुटला म्हणून डॉक्टर तिच्या खोलीची खिडकी लावायला गेले आणि बघतात तर काय, टेबलाखालच्या डब्यावर जाड रजई! चांगली चहूबाजूंनी खोचलेली. त्यांचा पारा चढला. एवढी शिकलेली पोर आणि चालत्या यंत्राला पांघरूण घालते? कुणी जाळायला निघाले तरी याहून वेगळे काय करील? त्यांनी रजई ओढली. गरम हवेचा झोत तोंडावर आला. डबा हात लावू देईना.

रजई हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. यंत्र गारठले म्हणून कुणी रजई घालत नाही. आवाज दाबायचा असेल तरच घालतात.

स्क्रूड्रायव्हर आणून त्यांनी डब्याची बाजू उघडली आणि टोक ग्राफिक्स कार्डच्या प्लास्टिकच्या झाकणावर अलगद टेकवले. मूठ कानाला लावली. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली. काही नाही. घरात चिटपाखरू नव्हते, तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. मग मूठ दातांत धरली.

ऐकू तेव्हाही काही आले नाही. पण दातांना कळले. घासात कचकन खडा यावा तशी बारीक कचकच जबड्यापर्यंत येत होती. बेअरिंग कोरडे पडले होते. ते काही आज कोरडे पडलेले नव्हते, त्या दिवशीही असेच होते.

म्हणजे लेक खोटे बोलली होती. आणि खोटे बोलण्याआधी तिला सगळे कळलेले होते. तिने गेला आठवडाभर तो आवाज सोसला, टीमची थट्टा ऐकून घेतली, बापापासून रजई लपवली. तिने त्यांना प्रेमाने, सांभाळून, गोदामात बसवले होते. डॉक्टरांना रडू आले. रागही आला, आणि तो लेकीचा की स्वतःचा हे त्यांना ठरवता येईना.

तेलाची बाटली हाताशी होती. लेक यायच्या आत गुपचूप काम उरकता आले असते. पण झाले की नाही हे कळणार कसे? सगळे पंखे एकाच डब्यात, सगळ्यांची थरथर एकमेकांत मिसळलेली. ढोबळ दुखणे दातांना कळले, बारीक फरक कळणार नव्हता. त्याला कानच हवा. त्यांनी रजईची घडी केली, खाटेवर ठेवली आणि शेजारी बसून राहिले.

लेक आली. तिने रजईची घडी पाहिली, उघडा डबा पाहिला.

"ते बाबा... मी जरा..."

"यंत्राला थंडी वाजत नाही."

ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली फरशीवर बसली.

"मला ऐकू येत नाही, हे तुला कधी कळलं?"

"बेल बदललीत तेव्हा," ती हळूच म्हणाली. मग त्यांना ते ऐकू आले नसेल असे वाटून मोठ्याने म्हणाली, "बेल बदललीत ना, तेव्हा! चांगली होती हो ती बेल."

डॉक्टरांना नको असताना हसू आले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

"चीं मला येतच नाही गं ऐकू." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले आणि ते आपल्याच तोंडून ऐकताना त्यांना विचित्र वाटले. "घरघर येते. तुझं बोलणंही निम्मं अंदाजानं घेतो."

"आणि वर मान डोलावता! डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं असतं ना मी. खऱ्याखुऱ्या."

"जाऊ. पण मला वाटलं, कळलं की तू विचारायचं बंद करशील."

लेकीचे डोळे भरले. पिशवी उतरवून तिने बाजूला ठेवली.

"एक ऐक," डॉक्टर म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून आवाज गेला म्हणू नकोस. तू गेला म्हणालीस की माझं काम तिथंच संपतं."

"नाही म्हणणार."

चित्र तयार होऊन पडले होते. तिने संगणक बंद केला, वायर काढली, आणि कार्ड सोडवून त्यांच्या हातात दिले. कार्डावर दोन पंखे होते. यातला नेमका कुठला, ते दातांनी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी एकाच्या मधली चकती नखाने उचलली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, पाते बोटाने फिरवले, पुन्हा फिरवले, आणि चकती दाबून बसवली. लेकीने कार्ड जागेवर लावले, वायर जोडली. खेळ सुरू झाला, जळके शहर उभे राहिले, आणि हळूहळू पाती वेगात फिरू लागली.

"सांग," डॉक्टर म्हणाले.

लेकीने डब्याजवळ वाकून ऐकले. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे हात तेलकट झाले होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि ते तिच्या ओठांकडे टक लावून बसले होते. 'गेला' एवढा एक शब्द बोलली असती तर काम मिटले असते, हे तिलाही ठाऊक होते आणि त्यांनाही.

"नाही बाबा," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "आहे अजून. चांगलाच आहे."

"अस्सं?" डॉक्टर म्हणाले आणि पाठ ताठ करून बसले. "बंद कर मग. दुसरा बघू."