पाचवं नाव

कारागांदा शहरातल्या चहाच्या दुकानात रविवारी दुपारी 'तोर्त झेल', म्हणजे 'चार वारे', या बँडच्या अकरा भक्तिणी जमल्या होत्या, आणि तळून फुगवलेल्या गरम बाउरसाकांच्या ताटाला कुणी हात लावत नव्हतं. मधोमध त्यांच्या म्होरक्या दिल्नाझताईचा फोन. त्यावर 'कान' नावाच्या निनावी पेजवरचा अल्मातीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ. खाली शेरा: 'चौघांतले तिघे गातच नाहीत, नुसते ओठ हलवतात. उगाच डोक्यावर घेतलंय यांना.'

'कान' म्हणजे त्यांच्यातलीच तोरगिन होती. दोंब्रा हे दोन तारांचं वाद्य शिकलेल्या तिच्या कानांना दर कार्यक्रमात त्याच जागी तोच ध्वनिमुद्रित श्वास ऐकू यायला लागला होता. जीव होता या पोरांवर, म्हणूनच तर राहवलं नव्हतं. पण मागे असंच बोललेल्या एका मुलीच्या बापाचा नंबर या मंडळींनी जगजाहीर केला होता, आणि शिव्यांना कंटाळून ते घर गाव सोडून गेलं. नंबराची ती पोस्ट तोरगिननेच लिहिली होती. तेव्हा हात कापले नव्हते बाईसाहेबांचे.

"नीट ऐका," ताई म्हणाली. व्हिडिओत गर्दी चार गायकांची नावं ओरडत होती. व्हिडिओ काढणाऱ्या फोनच्या अगदी जवळचा एक घोगरा आवाज मात्र पाचवंही घेत होता. एल्झास. पहिल्याच वर्षी बँड सोडून गेलेला पोरगा. त्याचं नाव अजून फक्त कारागांदाच्या मुली घेतात. तोरगिनने व्हिडिओ दहादा तपासला होता, पण स्वतःच घेतलेलं ते नाव तोंडात इतकं बसलेलं, की कानाला खटकलंच नाही.

"अल्मातीला आपल्यातल्या तिघीच गेल्या होत्या. एकेकीने हाक मारा, कळेल कोण ते."

आसेमने मारली. तिचा किनरा आवाज ऐकून सगळ्या हसल्या. "ही नव्हे गं. हिने हाक मारली तर मांजर येईल."

मग इंझू. पहिलीपासून तोरगिनच्या बाकावरची. अल्मातीला शेजारीच होती. तोरगिनने उंच धरलेला फोन तिने पाहिला होता. आज सर्दीने बसलेल्या आवाजात तिने एल्झासला हाक मारली.

"हीच," ताई म्हणाली.

इंझूने एकदा तोरगिनकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती कपातला चहा ढवळू लागली.

तोरगिनची पाळी आलीच नाही. सुटले, असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याचीच भीती वाटली. बोल, आत्ता बोल, असं ती स्वतःला बजावत होती.

"हिच्या बाबांचा नंबर कुणाकडे आहे?" ताईने विचारलं. "तोरगिन, तू तर त्यांच्याकडेच पडलेली असतेस ना?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. नंबर तिला पाठ होता. आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर रोज ती त्यावर फोन करून विचारायची, काका, मला न्यायला येताय ना?

"सात शून्य एक," तोरगिन म्हणाली. पुढचे आकडेही तिने न अडखळता सांगितले.