वरच्या खोलीतला ठोका

आमचे चिरंजीव हल्ली जिना असा चढतात, जणू दुसऱ्याच्या घरात चोरी करायला निघालेत. पस्तिशीचा बाप्या, घर त्याचं, जिना त्याचा, वर बसलेली बायको त्याची, आणि हा चपला हातात घेऊन वर जातो. "काय रे, काही केलंस का?" विचारलं तर म्हणतो, "काही नाही आई." पुरुष काही नाही म्हणाला की समजावं, बरंच काही आहे. पण मी समजले नाही. समजले असते तर पुढची शोभा टळली असती.

आधी याचा धंदा सांगते. घराच्या खालच्या मजल्यावर माझं शिवणाचं दुकान. पाच बायका आणि सहावी मी. मशिनी सगळ्या पायाच्या. मोटरवर माझा विश्वास नाही. पाय आपला असतो, वीज दुसऱ्याची. वरच्या खोलीत पूर्वी कापडाचे गठ्ठे ठेवायचे, तिथे हा कॉलेज सोडल्यापासून कॉम्प्युटर आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन बसलेला. करतो काय, तर ड्रम अँड बेस. म्हणजे ढोल असा पळतो की मागे कुत्रं लागलंय, आणि त्याच्याखाली एक घुमणारा आवाज, तो कानाआधी पोटाला ऐकू येतो. गाणारं कोणी नाहीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पाण्याचा पंप बिघडला. प्लंबरला बोलावलं. तो वर जाऊन तासभर बसला आणि खाली येऊन म्हणाला, "पंप ठीक आहे काकू, पोरगं भारी आहे."

मी त्या ठोक्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या. सुनेच्या आईवडिलांना तर सांगितलं होतं, मुलगा मशिनरीत आहे. सुनेला खरं कळायला एक दुपार पुरली.

मग यंदा एक दिवस फोन आला. वाघोबा म्हणून एक रॅपवाला आहे, बाविशीचा पोर, शाळेतल्या मुलांच्या दप्तरावरसुद्धा त्याचं तोंड छापलेलं. तो गात नाही, यमक जुळवून बोलतो, तेही नुकतंच उठल्यासारखं. त्याच्या मॅनेजरला आमच्या याचं काम कुठूनसं कळलं आणि त्याने अख्खा अल्बम करशील का विचारलं. झालं, माझी जीभ जागच्या जागी फिरली. बटणवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला तोंडात नळी असताना सांगितलं, "आमच्या घरात पहिल्यापासूनच संगीताची आवड." छत डोक्यावर पडलं नाही, एवढीच काय ती देवाची कृपा.

पण या रॅपचा, म्हणजे हिप-हॉपचा, ठोका हळू. धप्प. मग माणूस उठून पाणी पिऊन येईल एवढी जागा. मग परत धप्प. वर दिवसभर हे सुरू झालं, आणि खाली माझ्या दुकानाला जणू दृष्ट लागली.

शाळेचे गणवेश शिवायला घेतलेले. शाळा उघडायच्या आत द्यायचे, नाहीतर पुढच्या वर्षी काम समोरच्या शोरूमवाल्याच्या घशात. आणि शर्ट काही निघेनात. मी मशिनींना तेल घातलं, पट्टे बदलले, बायकांचे मोबाइल काढून ड्रॉवरमध्ये टाकले, त्यांच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. शर्टांचा ढीग तेवढाच.

शेवटी आमची काजवाली बोलली. ही फक्त काजं करते आणि उरलेल्या वेळात उत्तरं देते. "काकू, मशिनीला काही धाड भरलेली नाही. वरचं गाणं बदललंय. त्या धप्पवर पाय उचलतच नाही."

"गप बस. हे दुकान माझ्या जिभेवर चालतं."

"मग जीभ जरा पळवा."

बाकीच्या चौघी कापडात तोंड खुपसून हसल्या. मला राग आला. म्हटलं, उठा, दाखवते काम कसं करतात. आणि बसले मशिनीवर. धप्प. पाय हलवला. धप्प. पुन्हा हलवला. किती वेळ गेला कळलं नाही, डोळा लागला की काय तेही माहीत नाही. शर्ट पूर्ण केला आणि ऐटीत काजवालीच्या अंगावर टाकला. तिने उलटसुलट करून पाहिला. मी बाहीचं तोंड शिवून बंद केलं होतं.

"छान झालाय," ती म्हणाली, "फक्त हात कुठून बाहेर काढायचा तेवढं पोराला सांगा."

आता आली का पंचाईत. वर जाऊन काय सांगणार? बाबा रे, ज्या आवाजाला मी जन्मभर बोल लावला, त्याच्यावर माझं दुकान चालत होतं? त्यापेक्षा मी सगळ्या बाह्या शिवून बंद केल्या असत्या. म्हणून मी आडवाटेने गेले. चहा घेऊन वर गेले आणि खिडकीबाहेर बघत म्हटलं, "तुझं ते जुनं बरं होतं रे."

त्याने कानावरचं यंत्र काढलं. "काय?"

"जुनं. पळणारं. त्यात जीव होता. हे आपलं ठीक आहे, पण ते म्हणजे ते."

"आई, तुला आवडायचं?"

"मग इतकी वर्षं काय उगाच ऐकलं?"

खोटं इतकं सरळ निघालं की माझं मलाच कौतुक वाटलं. पोराने चहा एका घोटात संपवला. मी चहाचा कप उचलून खाली आले, आणि मागोमाग वरून तो जुना ढोल सुटला. बायकांचे पाय असे धावायला लागले की दोरा पुरेना. मी काजवालीकडे बघून म्हटलं, "बघितलंस? जीभ." तिने मान खाली घातली. हसत असणार.

दोन दिवस मी हवेत. तिसऱ्या दिवशी सूनबाई दवाखान्यातून ड्यूटी संपवून आली ती खांद्यावरची पिशवीही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, तुम्ही ह्याला काय सांगितलंत?"

"मी कुठे काय?"

"तो वाघोबाचं काम सोडतोय. मॅनेजर वर आलाय, त्याला तोंडावर नाही सांगणार आहे."

माझ्या हातातली कात्री तिथेच थांबली. "का पण?"

"जुने मित्र म्हणतात, विकला गेलास. ते मनाला लावून घेतलंय, म्हणून तर चोरासारखा वावरत होता. तरी मी त्याला धरून ठेवलं होतं. आता म्हणतो, ज्या आईने कधी बरं म्हटलं नाही तिलाही जुनंच खरं वाटतं, मग मी हे कोणासाठी करतोय?" मग तिने डोळे बारीक केले. "तुम्हाला खरंच आवडतं ते?"

मी कॉलर सरळ केली. "गणवेश अडले होते."

"धन्य आहे तुमची. मशिनरीवाला म्हणून गळ्यात मारलात तेव्हाच ओळखायला हवं होतं मी." आणि तिने जिन्याकडे बोट केलं. "जा. तुम्हीच निस्तरा."

गुडघ्याला हात लावत वर गेले. मॅनेजर स्टुलावर बसलेला, चकचकीत बुटांचा. म्हणजे नाक कापून घ्यायचं तेही परक्यासमोर. पोराने तोंड उघडलेलंच होतं.

"थांब," मी म्हटलं. "मी परवा खोटं बोलले."

"म्हणजे तुला आवडायचं नाही."

"आवडतं की नाही याचा मी कधी विचारच केला नाही. तुझ्या हळू गाण्यावर मशिनी चालेनात, म्हणून लाडीगोडी लावली. काय बघतोस? इतकी वर्षं खाली पाच बायका तुझ्या ढोलावर पाय मारत होत्या, आणि मला वाटत होतं माझ्या धाकाने मारतात."

मला वाटलं आता हा रागावणार, आणि रागावला असता तर त्याचं बरोबरच होतं. मग हळूच म्हणाला, "रोज?"

"जेवायची सुट्टी सोडून."

"आई, माझ्या कार्यक्रमात लोक तासभर टिकत नाहीत." आणि तो हसायला लागला. मॅनेजरला काही कळलं नव्हतं, पण तोही हसला. मग पोराचं हसू ओसरलं. "पण मित्र म्हणतात ते खोटं आहे का? दुसऱ्याच्या तालावर काम करायचं म्हणजे विकलं जाणंच झालं ना?"

मी गळ्यातली मापाची टेप काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"मी जन्मभर दुसऱ्याच्या मापाने शिवते," मी म्हटलं. "कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचा खांदा पडलेला. माझ्याच मापाचं शिवत बसले असते तर गावात एकटी मीच कपडे घालून हिंडले असते. दुसऱ्याच्या मापाचं शिवलं म्हणून कोणी विकलं जात नाही, वाईट शिवलं तर जातं. तू त्या पोराचं माप घे आणि नीट शीव. आणि ते जुनं पळणारं कशात तरी भरून खाली दे, पोरींना लागतं. मला नाही, पोरींना."